रद्दीवाल्याच्या आधी पोचा: क्वीअर कागद गोळा कसे करायचे, टिकवायचे कसे

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. "अरे माझं ते जुनं सामान आहे ना, आई माळा काढून राहिली, आत्ता येतो का?" तर पहिला नियम हाच, आत्ताच जायचं, उद्यावर टाकलं की गेलं रद्दीत. लग्न ठरलं, खोली बदलली, कोणी वारलं, या तीन वेळी आपल्या क्वीअर, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी अशा लोकांचे कागद सगळ्यात आधी घराबाहेर पडतात.

काय घ्यायचं? १९९० मध्ये अशोक राव कवींनी सुरू केलेल्या 'बॉम्बे दोस्त' या समलिंगी लोकांच्या मासिकाचे सुरुवातीचे अंक हाती लागले तर नशीबच म्हणा, पण ते दुसऱ्या कोणीतरीही जपले असतील. आपल्या नागपुरातल्या मीटिंगची चिठ्ठी, मोर्च्याचं पत्रक, हातानं रंगवलेला पुठ्ठा, एचआयव्ही प्रोजेक्टवाल्यांनी वाटलेली माहितीपत्रकं, हे आपण नाही ठेवलं तर कोण ठेवणार बाप्पा. पेपर घेताना ३ जुलै २००९, १२ डिसेंबर २०१३, १६ एप्रिल २०१४ आणि ७ सप्टेंबर २०१८ या तारखांचे अंक लक्षात ठेवा, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चे तीन निकाल आणि मधला तृतीयपंथी हक्कांचा निकाल, हे निकाल आदल्या दिवशी लागले होते. नागपूर आवृत्तीच घ्या आणि कात्रण नको, पूर्ण पान ठेवा, शेजारी काय छापलंय तेही कळलं पाहिजे.

एकाच्या ट्रंकेत मला एक मासिक मिळालं, खाकी कव्हर घातलेलं, वर लेबल "अकाउंटन्सी, भाग २". सोबतचा व्हॉलंटिअर ते कव्हर काढायलाच निघाला होता, म्हटलं थांब बे! ते कव्हरच तर खरी वस्तू आहे. खाकी कागद मासिकाला डाग पाडतो म्हणून दोघांच्या मध्ये ॲसिड-फ्री पेपर सरकवला, बाकी जसंच्या तसं.

आता नागपूरचा उन्हाळा. सगळ्यांना वाळवीची भीती, मला कूलरची. नवतपात खोली थंड राहावी म्हणून मी खोकं कूलरसमोर ठेवलं होतं, ओली हवा आणि वरून पाण्याचे शिंतोडे, गुळगुळीत पानांची चिकटून वीट झाली, चूक माझीच. कपाट लोखंडी घ्या, बाहेरच्या भिंतीपासून लांब, जमिनीपासून वीतभर वर, आणि पावसाळ्यात आत सिलिका जेल ठेवा. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर मिळतं, काटा ५० च्या आसपास राहिला पाहिजे, ६५ च्या वर बुरशी धरते. कसर लागलेलं पुस्तक घट्ट प्लास्टिकमध्ये बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका.

लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको. स्टेपलच्या पिना काढा, गंजतात. फोटोमागे पेनानं लिहू नका, कडेला मऊ पेन्सिलीनं हलकंच लिहा. कार्यक्रमाची बिलं थर्मल पेपरवर असतात, आपल्या उन्हात ती कोरी व्हायला वेळ लागत नाही, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स. कापडी बॅनर घडी घालून ठेवू नका, धुतलेल्या मांजरपाटात पाईपवर गुंडाळा. स्कॅन कागदाला ३०० डीपीआय, फोटोला ६००, कॉपी तीन ठिकाणी आणि त्यातली एक दुसऱ्या गावात.

या सगळ्याहून अवघड काम माणसांचं आहे. एखाद्या ग्रुप फोटोत आठ जण असतात, देणारा एक, बाकी सातांना कोणी विचारलं? त्यातल्या एखाद्याचं आता लग्न झालंय, मुलं आहेत. म्हणून देणाऱ्याला तिथंच बसवून विचारा: नाव दाखवायचं का, चेहरा दाखवायचा का, नेटवर टाकायचं का, किती वर्षं बंद ठेवायचं. उत्तर त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. बाकीचे सापडेपर्यंत फोटो पाकिटात बंद, पाकिटावर उघडायची तारीख. रजिस्टरमध्ये फक्त नंबर, खरी नावं वेगळ्या वहीत आणि ती वही वेगळ्या कुलपात.

आणि हो, चावी दोघांकडे द्या. आमचा चावीवाला नोकरीला पुण्याला गेला, अन् तीन महिने आम्ही नुसते कपाटाकडे पाहत बसलो होतो.