पणजोबांच्या निधनाची तारीख अशी सापडली

ग्वाल्हेरच्या आमच्या घरी पणजोबांचे श्राद्ध दरवर्षी कार्तिक वद्य नवमीला होते, पण त्यांच्या निधनाची इंग्रजी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. आजीच्या ट्रंकेत कोपरा फाडलेले एक पोस्टकार्ड मिळाले. निधनवार्तेची पत्रे सहसा घरात ठेवत नाहीत, तरी तिने ते जपले होते, हे पाहून मला भरून आले. त्यावर ‘शके १८७४’ एवढेच वाचता येत होते. ७८ मिळवून १९५२ साल निघाले (जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तिथीला मात्र ७९ मिळवावे लागतात) आणि इथल्या हिंदी पंचांगाप्रमाणे मी दिवाळीआधीचा ऑक्टोबर धरला. मृत्यूंच्या नोंदवहीत त्या महिन्यात नाव नव्हते.

चूक माझ्या हिशेबात होती. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे आपला कार्तिक वद्य पक्ष हा इथल्या पंचांगात मार्गशीर्ष कृष्ण पक्ष असतो आणि तो दिवाळीनंतर येतो. शुक्ल पक्षातील तिथीला हा घोळ होत नाही. नोव्हेंबरची पाने उलटताच फिकट निळ्या शाईत, आडनावाशिवाय, वडिलांच्या नावासह पणजोबांची नोंद सापडली.