पायटेस्टच्या वॉर्निंग्ज दाबताना या चुका टाळा

कुठलाही नवा प्रोजेक्ट हातात आला की मी आधी पायटेस्टची, म्हणजे पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या टूलची, सेटिंग्ज उघडतो. कुठल्या वॉर्निंगचं काय करायचं ते सांगणाऱ्या 'फिल्टरवॉर्निंग्स' या यादीसमोर नुसतं 'इग्नोर', म्हणजे सगळ्याच वॉर्निंग्ज लपवा, असं दिसलं की राग येतो. नको असलेली वॉर्निंग जरूर दाबा, पण तेवढीच एक दाबा.

एका टीमने पायथन ३.९ वरून ३.१० वर उडी मारली आणि निम्म्या टेस्ट सुरूच होईनात. फाइल गोळा करतानाच इम्पोर्ट एरर. कारण काय, तर पायथनच्या 'कलेक्शन्स' मॉड्यूलमधून थेट 'मॅपिंग' इम्पोर्ट केलेलं. त्याची खरी जागा 'कलेक्शन्स डॉट एबीसी', तीही ३.३ पासून. ३.९ वर तर वॉर्निंगमध्येच स्पष्ट लिहून येतं की हे ३.१० मध्ये बंद होणार. पण कुणीतरी घाईत टाकलेल्या त्या 'इग्नोर'मुळे ती कुणाला कधी दिसलीच नाही. स्वतःचा कोड तासाभरात सुधारला. खरी अडचण एका जुन्या लायब्ररीची होती. तिला कुणी वाली उरला नव्हता, आणि पर्याय शोधण्यात रिलीज लांबली.

माझी सवय अशी: यादीत पहिली ओळ 'एरर', म्हणजे प्रत्येक वॉर्निंगला टेस्ट फेल. त्याखाली एकेक अपवाद, त्यात वॉर्निंगचा प्रकार आणि मजकुराची सुरुवात. वर कॉमेंट: कुठल्या लायब्ररीमुळे, आणि ही ओळ कधी काढायची. क्रम सांभाळा. एकाहून जास्त फिल्टर जुळले तर शेवटचा लागू होतो, म्हणून 'एरर' तळाशी लिहिलंत की वरचे सगळे अपवाद वाया. मजकूर रेजेक्स (मजकुराचा नमुना) म्हणून, सुरुवातीपासून जुळवला जातो. मधलाच शब्द टाकून फिल्टर चालत नाही म्हणू नका.

'डिसेबल वॉर्निंग्ज' हा पर्याय फक्त शेवटचा गोषवारा लपवतो. 'नो वॉर्निंग्ज' लावून वॉर्निंग्ज हाताळणारं प्लगइनच बंद केलंत, तर तुमचे फिल्टरही गेले. दोन्ही एकच समजून कुठूनतरी कॉपी करू नका.

अनोळखी मार्कची (टेस्टला लावलेल्या लेबलची) वॉर्निंग बहुतेकदा स्पेलिंगची चूक असते. मार्क सेटिंग्जमध्ये नोंदवा, आणि न नोंदवलेल्या मार्कला एरर देणारा 'स्ट्रिक्ट मार्कर्स' पर्याय लावा.

'कोरूटीन वॉज नेव्हर अवेटेड' मात्र कधीही दाबू नका. कोरूटीन म्हणजे 'असिंक' फंक्शनला कॉल केल्यावर मिळणारी वस्तू; तिच्यापुढे 'अवेट' लिहायचं राहिलं म्हणजे ते फंक्शन चाललंच नाही. टेस्टमध्ये 'सेव्ह'ला नुसता कॉल आहे, पुढे रेकॉर्ड तपासलेलं नाही, आणि निकाल हिरवा! अशी टेस्ट नसलेली बरी, निदान खोटा भरवसा तरी मिळत नाही.

आपलंच फंक्शन मुद्दाम वॉर्निंग देत असेल तर 'पायटेस्ट डॉट वॉर्न्स'ने ती आलीच पाहिजे असं तपासा.

आणि 'इनसिक्युअर रिक्वेस्ट वॉर्निंग' दाबण्याआधी सर्व्हरच्या सर्टिफिकेटची तपासणी बंद करणारं 'व्हेरिफाय फॉल्स' कुणी लिहिलं ते शोधा. टेस्ट सर्व्हरचं सर्टिफिकेट कंपनीच्या स्वतःच्या सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेचं) असेल, तर त्या सीएच्या फाइलचा पाथ 'व्हेरिफाय'ला द्या. तपासणी चालू राहते आणि वॉर्निंगही येत नाही.