मुलाच्या मानसशास्त्रीय चाचणीला जाताना

तारीख मिळाली की सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं धड दिसत नसेल, तर वाचनाच्या चाचणीतून भलतंच काहीतरी निघायचं. चष्मा असेल तर तो त्या दिवशी दप्तरात नाही, नाकावर हवा.

मग वह्या. छान कव्हर घातलेली, क्लासच्या ताईंनी दुरुस्त केलेली वही नको. रोजची न्या: खोडरबरानं कागद फाटलाय, ‘ब’चा ‘व’ झालाय, हातचा एक विसरलाय, फळ्यावरचं निम्मंच उतरवून घेतलंय. मराठी, इंग्रजी, गणित, तिन्ही. सोबत दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, वर्गशिक्षकांचं पत्र, जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट, आणि सगळ्याच्या झेरॉक्स. मूल कधी चाललं, कधी बोललं हे विचारतातच. आदल्या रात्री आजीला विचारून लिहून ठेवा.

घरची भाषा आपणहून सांगा. बागलाणातलं पोर घरी अहिराणी बोलतं आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. बिने-कामतसारखी बुद्ध्यांक मोजायची चाचणी मराठीत घेता येते, पण शब्दाला अडखळलं तर ते कशामुळे, हे तपासणाऱ्याला कळायला हवं.

मोबाईलवर प्रश्न शोधून सराव करून घेऊ नका. आकडा फुगतो आणि खरी अडचण झाकली जाते. तीच चाचणी अलीकडे झाली असेल तर तेही सांगा.

सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीनं येणार असाल तर उशिराची वेळ मागा. पेंगुळलेल्या मुलाची कसली चाचणी! डबा, पाणी घ्या. चालू औषधं मनानं बंद करू नका. मुलाला ‘परीक्षा’ म्हणू नका, ‘हुशारी बघणार आहेत’ असं तर नकोच. कोडी, चित्रं, थोडं वाचन, कंटाळा आला तर सांग, एवढं पुरे. आठवी-नववीतल्या मुलाला मात्र खरं कारण सांगा, आणि त्याला एकट्यानं बोलायचं असेल तर बाहेर बसा.

दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर खासगी रिपोर्टवर विसंबू नका. बोर्डाला कुठल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र चालतं, हे मुख्याध्यापकांना नववीतच विचारा. फॉर्म भरायच्या घाईत सिव्हिलची तारीख मिळेलच असं नाही.