आयोडीन-१३१ चे सांडपाणी गटारात केव्हा आणि कसे सोडावे

थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी औषध दिलेल्या रुग्णाच्या शरीरातून त्या मात्रेचा मोठा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणून भारतात १.११ गिगाबेक्वेरेलहून (३० मिलिक्युरी; दोन्ही किरणोत्सार मोजण्याची एकके) अधिक मात्रा दिलेल्या रुग्णाला स्वतंत्र खोलीत दाखल करतात आणि त्या खोलीच्या शौचालयाची वाहिनी थेट ड्रेनेजला न जोडता डिले टँकला, म्हणजे किरणोत्सार ओसरेपर्यंत सांडपाणी साठवून ठेवणाऱ्या टाकीला जोडतात. अमेरिकेच्या नियमांत रुग्णाचे मलमूत्र गटारात सोडण्याच्या मर्यादांतून पूर्णपणे वगळले आहे. तिकडचे तक्ते वाचून आलेल्यांनी ती सवलत इकडे गृहीत धरू नये.

किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीसाठीच्या १९८७ च्या नियमांनुसार असे पाणी सोडायला आधी परवानगी लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाने सार्वजनिक मलनिःसारणात सोडायच्या आयोडीन-१३१ साठी घातलेली मर्यादा मासिक सरासरीने दर घनमीटरला २२.२ मेगाबेक्वेरेल एवढी आहे. एकूण किती सोडायचे यावरची बंधने परवानगीच्या अटींतून वेगळी तपासून घ्यावीत.

आता हिशेब. समजा, ६,००० लिटरची टाकी भरून बंद केली त्या दिवशी तिच्यात दर घनमीटरला १,११० मेगाबेक्वेरेल, म्हणजे मर्यादेच्या ५० पट किरणोत्सार आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) ८.०२ दिवसांचे असल्याने ५० पटींची घट व्हायला सुमारे ५.६५ अर्धायुष्ये, म्हणजे पूर्ण दिवसांत मोजता ४६ दिवस लागतात. दोनच टाक्या असतील, तर दुसरी भरायलाही निदान तेवढे दिवस लागले पाहिजेत, याचा अर्थ दिवसाला १३० लिटरपेक्षा अधिक पाणी येता कामा नये. दहा लिटरचा जुना फ्लश तेरा वेळा ओढला की त्या दिवसाचा वाटा संपला! त्यामुळे कमी पाण्याचा फ्लश बसवणे ही इथे चैन नव्हे. कमोडमध्ये टिश्यू किंवा सॅनिटरी पॅड टाकू नये, हेही रुग्णाला दाखल करतानाच बजावावे, कारण वाहिनी तुंबली तर प्लंबरला किरणोत्सारी पाइप उघडावा लागतो.

आकडा मर्यादेत बसावा म्हणून टाकीत साधे पाणी ओतण्याचा मोह टाळावा. त्याने दर घनमीटरचा आकडा उतरतो, एकूण किरणोत्सार मात्र तेवढाच राहतो, आणि टाकी वेळेआधी भरून पुढच्या रुग्णांची दाखल करण्याची तारीख ढकलावी लागते ती वेगळीच.

हिशेबाची तारीख उलटली म्हणून व्हॉल्व्ह उघडायचा नाही, आधी नमुना मोजायचा. गाळ तळाशी बसतो, म्हणून पंपाने पाणी ढवळून मग नमुना घ्यावा. वेल काउंटर (नमुन्यातला किरणोत्सार मोजणारे यंत्र) ज्या आकाराच्या कुपीत आणि जेवढ्या मिलिलिटरवर कॅलिब्रेट केला असेल, तेवढाच नमुना तशाच कुपीत भरावा आणि पार्श्वभूमीची, म्हणजे नमुना नसताना येणारी मोजणी वजा करावी. व्हॉल्व्हची किल्ली रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे असावी. टाकी बंद केल्याची तारीख, नमुन्याचे मोजमाप, सोडलेले लिटर आणि सही यांची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. मोजमाप समजा दर घनमीटरला ३० मेगाबेक्वेरेल आले, तर टाकी आणखी चार दिवस बंद ठेवून नव्याने नमुना घ्यावा.