नवीन जीसीसी टाकलं तरी जुनंच व्हर्जन दाखवतंय? आधी हे बघा

विंडोजवर नवीन जीसीसी (सी आणि सी++ च्या कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) टाकलं, इन्स्टॉलर काही कुरकुर न करता संपला, आणि तरी 'जीसीसी --व्हर्जन' मारलं की ६.३.० नाहीतर ८.१.० च येतंय, हे इतक्या जणांच्या बाबतीत होतं की एकदा सगळं नीट लिहून टाकतोय. पहिलं म्हणजे परत परत अनइन्स्टॉल-इन्स्टॉल करत बसू नका. बहुतेक वेळा नवीन कंपायलर व्यवस्थित बसलेला असतो, फक्त हाक मारली की ओ जुना देतो. त्यामुळे आधी ओ कोण देतंय ते शोधायचं, बाकी सगळं नंतर.

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'व्हेअर जीसीसी' टाइप करा. पॉवरशेल वापरत असाल तर तिथे 'व्हेअर' चा अर्थ वेगळाच आहे, काहीच दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल जीसीसीच नाहीये, म्हणून तिथे 'व्हेअर.ईएक्सई जीसीसी' असं पूर्ण लिहा. आता जितके जीसीसी सापडतील तितक्या ओळी येतील आणि सगळ्यात वरची ओळ महत्त्वाची, कारण चालतो तोच. सी ड्राइव्हवरचा मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठी बनवलेलं जीसीसी) फोल्डर दिसला तर तो जुन्या इन्स्टॉलरचा, त्याचंच ते ६.३.०. कोडब्लॉक्स २०.०३ (कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) सोबत आलेला असेल तर ८.१.०. कधी कधी स्ट्रॉबेरी पर्लसुद्धा (पर्ल भाषेचं पॅकेज) निघतं, ते स्वतःचा जीसीसी घेऊन येतं आणि गुपचूप पाथमध्ये, म्हणजे विंडोज कमांड ज्या फोल्डरांत शोधतं त्या यादीत, घालतं, लोकांच्या लक्षातही नसतं की कधीतरी पर्ल टाकलं होतं.

आता पाथ. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीत दोन डबे असतात, वरचा तुमच्या युजरचा आणि खालचा सिस्टिमचा. बहुतेक जण वरच्या डब्यात नवीन फोल्डर टाकतात, अगदी पहिल्या नंबरला नेऊन ठेवतात, आणि तरी फरक पडत नाही. कारण विंडोज आधी सिस्टिमचा पाथ वाचतं आणि त्याच्या शेपटीला युजरचा जोडतं, म्हणजे जुना मिनजीडब्ल्यू खालच्या डब्यात असेल तर वर काहीही करा, तोच जिंकणार. जुनी एंट्री खालच्या डब्यातून काढा, किंवा नवीन फोल्डर खालीच टाकून जुन्याच्या वर सरकवा. एमएसवायएस२ (विंडोजवर जीसीसी वगैरे टूल्स टाकायचं पॅकेज) वापरलं असेल आणि नेहमीच्या जागी टाकलं असेल तर फोल्डर असतो सी ड्राइव्ह, त्यात एमएसवायएस६४, त्यात यूसीआरटी६४, त्यात बिन. शेवटचं बिन विसरू नका. आणि ओके ओके करून झालं की उघडी असलेली सगळी टर्मिनल्स बंद करा, व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर त्याच्या सगळ्या खिडक्यासुद्धा, कारण आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुनाच पाथ धरून बसतो.

एमएसवायएस२ मध्ये अजून एक घोळ होतो. ते टाकलं की स्टार्ट मेनूत बरीच टर्मिनल्स येतात आणि दिसायला सगळी सारखीच. पॅकमॅनने (एमएसवायएस२ मध्ये पॅकेज टाकायची कमांड) यूसीआरटी६४ चं जीसीसी टाकलंत पण नंतर साधं एमएसवायएस वालं टर्मिनल उघडलंत तर 'कमांड नॉट फाउंड' येणार, कारण त्या टर्मिनलच्या पाथमध्ये यूसीआरटी६४ चा बिन नसतोच. मग लोक वैतागून तिथेच 'पॅकमॅन -एस जीसीसी' मारतात, ते बसतंही, पण तो दुसराच जीसीसी, त्याने बनवलेला प्रोग्राम एमएसवायएसच्या डीएलएल (प्रोग्रामला चालताना लागणारी लायब्ररी फाइल) शिवाय चालत नाही आणि मित्राच्या कॉम्प्युटरवर नेला की बसतो रुसून. यूसीआरटी६४ नावाचंच टर्मिनल उघडा. आणि एमएसवायएस२ टाकताना फोल्डरच्या नावात स्पेस किंवा मराठी अक्षरं नकोत.

टर्मिनलमध्ये नवीन व्हर्जन दिसतंय पण व्हीएस कोड जुन्यानेच कंपाइल करतोय? मग प्रोजेक्टमधल्या डॉट व्हीएसकोड फोल्डरातली टास्क्सची फाइल उघडा, तिथे 'कमांड' पुढे जुन्या जी++ चा पूर्ण पत्ता लिहिलेला सापडेल, तो बदला. सीमेक (प्रोजेक्ट बिल्ड करायचं टूल) असेल तर बिल्ड फोल्डर सरळ उडवा, कारण पहिल्यांदा सापडलेला कंपायलर ते कॅशमध्ये लिहून ठेवतं आणि नंतर पाथकडे ढुंकूनही बघत नाही.

इथपर्यंत जमलं की दुसरी तक्रार सुरू होते, काल चालणारा कोड आज एरर देतोय. हे मात्र इन्स्टॉलेशन बिघडल्याचं लक्षण नाही. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून सी मध्ये बऱ्याच जुन्या वॉर्निंग्जच्या थेट एरर झाल्यात. आपल्याकडे कॉलेजात टर्बो सी वर शिकलेल्यांना हे जास्त लागतं. समजा प्रोग्राममध्ये शेवटी गेटसीएच आहे पण वर कोनिओ.एच हे हेडर इन्क्लूड केलेलं नाही. जुना जीसीसी 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' अशी वॉर्निंग देऊन पुढे जायचा आणि प्रोग्राम चालायचासुद्धा, नवीन तिथेच थांबतो. हेडर टाका, संपलं. क्लिअरस्क्रीन वालं फंक्शन मात्र मिनजीडब्ल्यूच्या कोनिओमध्ये नाहीच, ती ओळ काढून टाका. २०२५ च्या जीसीसी १५ ने सी चं डीफॉल्ट स्टँडर्ड सी२३ केलं, त्यात बूल, ट्रू, फॉल्स हे कीवर्ड आहेत, त्यामुळे ज्यांनी टाइपडेफ करून स्वतःचा बूल बनवलाय त्यांना एरर येणारच. सरांचा जुना कोड उद्याच सबमिट करायचाय आणि हात लावायचा नाहीये तर '-एसटीडी=जीएनयू१७' द्या, पण स्वतःचा कोड असेल तर प्लीज नीट करा, कंपायलर खरंच तुमच्या भल्याचं सांगतोय.

सी++ वाल्यांना जीसीसी १३ पासून 'यूइंट३२_टी डिक्लेअर केलेलं नाही' असं येऊ शकतं. आधी ते दुसऱ्या कुठल्यातरी हेडरमधून आपोआप यायचं, आता सीएसटीडीइंट स्वतः इन्क्लूड करावं लागतं.

कंपाइल झालं पण चालवताना 'प्रोसीजर एंट्री पॉइंट' सापडला नाही अशी खिडकी आली तर परत पाथच. प्रोग्राम नवीन कंपायलरने बनवलाय आणि लिब-एसटीडीसी++-६ नावाची डीएलएल मात्र कुठल्यातरी जुन्या फोल्डरातून उचलली जातेय. 'व्हेअर' च्या पुढे त्या डीएलएलचं नाव देऊन बघा, चोर लगेच सापडतो. एक्सई दुसऱ्या कोणाला द्यायची असेल तर लिंक करताना '-स्टॅटिक' लावा.

आणि लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ची लांबलचक यादी टाकली, त्यात सीएक्सएक्स११ असं काहीतरी दिसतंय, तर जुन्या कंपायलरच्या ओ फाइल्स (म्हणजे तेच कंपाइल झालेले तुकडे) किंवा लायब्ररी मिसळल्यात. जीसीसी ५ मध्ये स्ट्रिंगची आतली रचना बदलली, त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकत्र जुळत नाही. सगळ्या ओ फाइल्स डिलीट करून पूर्ण बिल्ड करा, आणि बाहेरून आणलेली लायब्ररी असेल तर तीही नवीन कंपायलरनेच बनवून घ्या.