जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक: या चुका टाळा

कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची तोटी, गळायला लागला की आमच्या सांगलीत दोनच औषधं चालतात: एम-सील, नाहीतर नळाची पांढरी टेप. येझदी असो, बुलेट असो की राजदूत, नवखा आधी हाच उद्योग करतो आणि मग कार्बोरेटरला शिव्या घालत माझ्याकडे येतो.

बहुतेक जुन्या गाड्यांत कॉक टाकीला बसतो तिथली गळती आटे थांबवत नाहीत, वॉशर थांबवतो. नवा फायबर वॉशर टाका, बसायची जागा पुसून घ्या, झालं काम. टेप खरी नडते ती खाली, पाइप जोडतात तिथे. जाळी वर टाकीत असते. खाली सुटलेला टेपचा धागा अडवायला मध्ये कुणीच नाही.

मिरजेच्या एका पोराची येझदी अशीच ढकलत आली. किक दबेना. "काका, सीझ झालं की हो," म्हणत त्यानं बोअर-पिस्टनच्या पैशांचीही तजवीज करून ठेवलेली. मी प्लग काढला, त्याची वायर लांब बांधली आणि हळूच किक दाबली, तर भोकातून पेट्रोलची चिळकांडी. कार्बोरेटर उघडला तर फ्लोटच्या सुईखाली, म्हणजे पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणाऱ्या सुईखाली, टेपचा केसाएवढा पांढरा धागा. सुई बसत नव्हती, कॉक रात्रभर उघडा, त्यामुळे टाकीतलं पेट्रोल उतरलं ते थेट क्रँककेसमध्ये, इंजिनच्या खालच्या पेटीत. गाडी लावलेली जिन्याखाली आणि पलीकडच्या खोलीत देवघर, त्यात निरांजन तेवतंय. वास येतो म्हणून त्याच्या आईनं गॅसवाल्याला बोलावलं होतं. पोरगं म्हणतं, कॉक रोज कोण बंद करतं?

मी करतो. चहाला थांबलो तरी करतो. घरी येताना तर गल्लीच्या तोंडाशीच कॉक बंद, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल दारापर्यंत जळून जातं. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, ते वाटीतच राहिलं तर पेट्रोल उडून जातं, तेल तेवढं उरतं आणि जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, चिकटतो. बुलेटवाल्यांनीही हसू नये. कॉक उघडा राहिला तर त्यांचं पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. शंका आली तर डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, काढून वास घ्या, आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

नवा कॉक आणायला जाताना जुना खिशात घाला. "बुलेटचा द्या" एवढ्यावर भागत नाही. आटे, आतल्या नळीची उंची, खालचं तोंड कुठल्या बाजूला, सगळं जुळवून बघा. चकचकीत स्वस्त ओतीव कॉक घेऊ नका, दोनदा काढघाल केली की आटे जातात. पितळेचा घ्या.

जुन्या ब्रिटिश गाड्यांचा ओढायचा-ढकलायचा कॉक गळतो म्हणून लगेच फेकू नका. टाकी कोरडी राहिली की आतलं बूच आकसतं. ते काढून उकळत्या पाण्यात टाका, बहुतेक वेळा फुगून परत बसतं.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. उसाच्या पट्ट्यात राहून तक्रार तरी कुणाकडे करणार! जुनी रबरं त्यानं फुगतात, लिव्हर जड फिरतो, वाट अर्धी बुजते. व्हायटनचं, म्हणजे असल्या पेट्रोलात टिकणारं, रबर मिळालं तर दोन पैसे जास्त द्या.

कायम रिझर्व्हवर चालवू नका, पेट्रोल संपत आल्याचं कळणारच नाही.

गाडी थोडं चालून मरते आणि थांबलं की परत सुरू होते? कासला निघालेले कितीतरी जण यवतेश्वरच्या घाटात अशा वेळी कॉक खोलून बसतात. आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, तारेनं मोकळं करा. आवाज नसेल तर पाइप काढून काचेच्या बाटलीत धार सोडा. धार तुटक असेल तर जाळी साफ करा, तळाला पाणी दिसलं तर टाकी रिकामी करा. आणि हे सगळं करताना शेजारी बघायला थांबलेल्याच्या तोंडात हमखास सिगारेट असते, त्याला आधी पिटाळा.