ओपिनेलचा आठ नंबरचा चाकू: पारखावा कसा, सांभाळावा कसा

खिशातल्या चाकूत कात्री, बाटली उघडणे आणि दात कोरणीही असावी अशी अपेक्षा असणाऱ्यांना ओपिनेलचा आठ नंबरचा चाकू खेळण्यातला वाटतो, कारण गोल लाकडी मूठ आणि साडेआठ सेंटीमीटरचे एकच पाते एवढेच त्यात दिसते. तो हातात घेऊन त्याचे भाग मोजावेत: पाते, मूठ, खीळ आणि पोलादाच्या दोन कड्या, असे अवघे पाच. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतातल्या लोहाराच्या घरातील जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये हा चाकू घडवला. फिरणारी कडी मात्र १९५५ मध्ये आली.

या चाकूत स्प्रिंग नाही, त्यामुळे उघडलेले पाते कडी न फिरवता वापरल्यास ते बोटांवर मिटू शकते. म्हणून पाते पूर्ण उघडल्यावर कडी फिरवून तिची चीर पात्यापासून बाजूला न्यावी आणि पात्याच्या पाठीवर हलका दाब देऊन ते हलत नाही याची खात्री करूनच कापायला घ्यावे.

खरेदी करताना पात्यावरचा शिक्का पाहावा. ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारे पोलाद. ‘कार्बोन’ लिहिलेल्या पात्याला धार चटकन लागते, पण ते ओले राहिले की गंजते आणि कैरी कापली की काळवंडते. खंडेराव मार्केटमधून कैऱ्या आणून लगेच फोडी करणाऱ्या वडोदऱ्यातील घरांनी माझ्या मते इनॉक्सच घ्यावे.

खरी परीक्षा आपल्याकडच्या पावसाळ्यात होते. बीच लाकडाची मूठ दमट हवेत फुगते, खाच आवळते आणि पाते आतच अडकते. हा दोष लाकडाच्या स्वभावातला असल्याने चाकू बिघडला असे समजून फेकू नये. अशा वेळी नखाने ओढाताण न करता कडी मोकळी करावी, बोटे खाचेपासून दूर ठेवून मूठ धरावी आणि तिचे कडीच्या विरुद्ध बाजूचे टोक ओट्यावर ठोकावे. पात्याचे टोक थोडे वर येते आणि मग ते चिमटीत धरून उघडता येते. साव्हुआतले लोकही हेच करतात. मुठीचा फुगवटा वारंवार त्रास देत असेल, तर चाकू उघडून पंख्याखाली चार दिवस वाळवावा (उन्हात ठेवल्यास लाकूड तडकू शकते), खाचेच्या आतून बारीक पॉलिशपेपर दोन-चार वेळा फिरवावा आणि मुठीला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खिळीत मात्र स्वयंपाकाचे तेल घालू नये, कारण ते कालांतराने चिकट होते.

चाकू पाण्यात भिजत ठेवू नये आणि भांडी धुण्याच्या यंत्रात तर मुळीच घालू नये. धार घरच्याच दगडावर, दोन्ही बाजूंनी सारख्या, साधारण २० अंशांच्या कोनात लावावी. एकदा मी आळसाने तो रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर दिला, तेव्हा तापून पात्याची कड निळी पडली आणि त्या भागाला पुन्हा कधी धार टिकली नाही. विमानाने जाताना तो हातातल्या पिशवीत चालत नाही, म्हणून मोठ्या सामानात आधीच ठेवावा.